काट्यापासून गोदामापर्यंत



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्यांनी उभं आयुष्य सहकारी संस्थेच्या वह्या लिहिण्यात घालवलं, म्हणून यंदाचा विषय हिशेबाचा असावा असं संयोजकांनी सुचवलं. मी तो थोडा अरुंद करून घेतला आहे. धान आधारभूत केंद्राच्या काट्यावर चढतं तिथपासून त्याचा तांदूळ सरकारी गोदामात जमा होतो तिथपर्यंत जो खर्च येतो, तो कोणत्या पद्धतीनं मोजावा, एवढ्यापुरतंच बोलणार आहे. विषय कोरडा आहे हे मान्य. पण गोंदियात कोरड्या मालाला कोणी नावं ठेवत नाही. ओलावा सतरा टक्क्यांच्या वर गेला की मगच कटकट सुरू होते.

कॉस्टिंग म्हणजे काय हे या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारनं साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये हमीभाव जाहीर केला. उत्पादन खर्च १,५७९ रुपये धरला आणि त्यावर पन्नास टक्के दिले. त्यावर गावच्या पारावर पहिला प्रश्न काय येतो? खर्च कोणता धरला? धरला तो ‘ए-टू अधिक एफएल’, म्हणजे खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी. शेतकरी संघटना मागतात तो ‘सी-टू’. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड येतो, स्वतःच्या भांडवलावरचं व्याज येतं. बांधी तीच, पऱ्हे तेच, पाऊसही तोच. खर्च मोजण्याची पद्धत बदलली की ‘दीडपट’ म्हणजे किती हेच बदलून जातं. हे समजायला कोणाला वाणिज्य शाखेची पदवी लागली नाही.

ही सावध नजर मात्र काट्यापाशी येऊन थांबते. पुढचा खर्च सरकारचा, तो सरकार बघेल, अशी आपली समजूत. म्हणून पुढे काय घडतं ते एकदा क्रमानं पाहू.

खरेदी दोन यंत्रणा करतात. बिगरआदिवासी भागात राज्य सहकारी पणन महासंघ, ज्याला आपण नुसतं ‘फेडरेशन’ म्हणतो, आणि देवरी-सालेकसासारख्या भागात आदिवासी विकास महामंडळ. प्रत्यक्ष काटा बहुतेक ठिकाणी गावच्या सहकारी संस्थेचा. नोंदणी आणि सातबारा झाला की ओलावा तपासायचा, तोलाई करायची, बारदान्यात भरून शिलाई करायची, थप्पी लावायची. मग गिरणीशी भरडाईचा करार, डीओ म्हणजे धान उचलण्याचा आदेश, ट्रक, पुन्हा हमाली. अरवा, म्हणजे न उकडलेला तांदूळ असेल तर शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो परत करायचा, उसना, म्हणजे उकडा असेल तर अडुसष्ट. तो तांदूळ गोदामावर जातो, नमुना काढला जातो, पसंत पडला तर उतरतो. तांदळाच्या बाबतीत महाराष्ट्र विकेंद्रित खरेदीच्या योजनेत आहे. म्हणजे राज्यच खरेदी करतं, साठवतं, रेशनवर वाटतं आणि केंद्र ठरलेल्या खर्चपत्रकाप्रमाणे त्याची भरपाई करतं. त्या खर्चपत्रकात हमीभावाखाली हमाली, वाहतूक, तूट, साठवण, व्याज, भरडाई, बारदाना, प्रशासन अशा ओळी असतात. सगळ्या ओळींचं माप एकच: रुपये प्रति क्विंटल.

माझं म्हणणं या मापाबद्दल आहे. प्रति क्विंटलचा सरासरी आकडा बिल चुकतं करायला ठीक आहे; काम चांगलं झालं की वाईट हे त्यावरून ठरवायला तो निरुपयोगी आहे. आणि आपण नेमकं तेच करत आलो आहोत.

सुरुवात खुद्द क्विंटलपासून करू. सतरा टक्के ओलाव्याचं एक क्विंटल धान घेतलं, तर त्यात सतरा किलो पाणी आणि त्र्याऐंशी किलो कोरडा माल. ते थप्पीत पडून चौदा टक्क्यांवर आलं की वजन भरतं साधारण साडेशहाण्णव किलो. साडेतीन किलो गेले. ते कोणी चोरले नाहीत की उंदरांनी खाल्ले नाहीत, हवेत गेले. हमीभावानं त्याचे ब्याऐंशी-त्र्याऐंशी रुपये होतात. वजनावर वही ठेवली तर केंद्रावरचा माणूस तेवढ्या रकमेचा देणेकरी ठरतो. कोरड्या मालावर ठेवली तर त्याच्या ताब्यातलं काहीच कमी झालेलं नाही. आता उलटं बघा. ताडपत्री फाटली, अवकाळी पाऊस आला, थप्पीची खालची पोती भिजली. भिजलेलं धान वजनाला वाढतं! म्हणजे जिथं खरं नुकसान झालं तिथं वजनाच्या वहीत काही दिवस नुकसान दिसतच नाही, उलट तूट भरून निघाल्यासारखी दिसते. ते दिसतं गिरणीत, दाणा पिवळा पडल्यावर आणि तुकडा वाढल्यावर. आणि तोवर जबाबदारी कोणाची यावर पत्रव्यवहार सुरू झालेला असतो.

एकक चुकलं की पुढचं सगळं चुकतं, हे आपल्याच जिल्ह्यातला दुसरा एक उद्योग चांगला जाणतो. तिरोड्याचं वीज केंद्र प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच, म्हणजे ३,३०० मेगावॉटचं आहे. वीजधंद्यात कोळसा टनावर येतो, वाहतूक टनावर लागते, पण त्याची किंमत शेवटी उष्मांकावर तपासतात. टनाला स्वस्त पण राखेनं भरलेला कोळसा जाळताना महाग पडतो. धानाच्या बाबतीत हाच विचार करायचा तर खर्च धानाच्या क्विंटलवर काढून चालणार नाही. गोदामानं पसंत केलेल्या तांदळाच्या क्विंटलवर काढावा लागेल. धानाला क्विंटलमागे तीस रुपये वाहतूक लागली, तर तांदळाच्या क्विंटलवर ती जवळजवळ पंचेचाळीस पडते, कारण तूस आणि कोंडाही त्याच ट्रकमधून फुकटात फिरून आलेले असतात. गिरणी खरेदी केंद्राजवळ हवी की गोदामाजवळ, हे ठरवायला हा एवढा साधा भागाकार पुरतो. वर नापसंत होऊन परत गेलेला ट्रक या मापात आपोआप मोजला जातो. धानाच्या क्विंटलवर तो कधीच दिसत नाही.

कोंड्याचं नाव निघालंच आहे तर भरडाईच्या दराबद्दल दोन शब्द. केंद्रानं अनेक वर्षं अरव्याला क्विंटलमागे दहा रुपये आणि उसन्याला वीस रुपये भरडाई धरली. ऐकणाऱ्याला हा दर थट्टेचा वाटतो. तो इतका कमी आहे कारण कोंडा, कणी, तूस गिरणीकडेच राहतात आणि त्यांची किंमत भरडाईच्या खर्चातून आधीच वजा केलेली असते. एका प्रक्रियेतून अनेक माल निघाले की मुख्य मालावर किती खर्च टाकायचा, हा कॉस्टिंगमधला फार जुना पेच. कोंड्याचा बाजारभाव कोणत्या महिन्याचा धरला, यावर गिरणी तोट्यात आहे की फायद्यात हे ठरतं. राज्य सरकार वरून भर घालतं, ती पुरेशी आहे की नाही यावर हंगामाच्या तोंडाशी तिढा पडतो, आणि तिढा सुटेपर्यंत धान केंद्रावर पडून राहतं. दोन्ही बाजू आपापल्या कागदावर बरोबर असतात. मला त्यात न्यायाधीश व्हायचं नाही. पण पडून राहण्याच्या त्या दिवसांचा खर्च दोघांच्याही कागदावर नसतो, हे नोंदवून ठेवतो. त्याकडे पुढे यायचंच आहे.

हिशेबात न दिसणाऱ्या खर्चाचं हे दुखणं आजचं नाही. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं नागपूर-छत्तीसगडची जुनी लाइन ताब्यात घेऊन मोठी केली आणि गोंदिया हावड्याच्या वाटेवर आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालाघाट-नैनपूर-जबलपूरकडून अडीच फुटी छोटी लाइन येऊन मिळाली, पाठोपाठ नागभीड-चांद्याकडूनही. जंक्शन झालं, बाजार वाढला, बिडीपत्ता आणि धान इथून निघू लागलं. त्या काळी रेल्वेचा दर मणामागे, मैलामागे, पैमध्ये सांगत. दर अंतराचा होता. पण छोट्या लाइनच्या डब्यातला माल मोठ्या लाइनच्या डब्यात जाण्यासाठी गोंदियाच्या फलाटावर हमालांच्या पाठीवरून जात होता. त्यात पोती फुटत, माल सांडत, मोठ्या लाइनचा डबा मिळेपर्यंत पडून राहत होता. मैलाच्या हिशेबात ही जागा शून्य मैल होती! व्यापाऱ्याला मात्र ती चांगलीच महाग पडत असणार. जबलपूरपर्यंतची लाइन अगदी अलीकडे पूर्णपणे मोठी झाली तेव्हा अंतर फारसं घटलं नाही, घटली ती ही उचल-ठेव. तिचा खर्च कधी वेगळा मोजलेलाच नसेल, तर तिच्या घटण्याचा फायदा किती झाला हेही सांगता येत नाही.

मराठी माणसानं वाहतुकीच्या अर्थकारणाकडे अभ्यासू नजरेनं पाहिलंच नाही असंही नाही. धनंजयराव गाडगीळांनी ल. वि. गोगटे यांच्याबरोबर मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची पाहणी केली आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेनं ती १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या आधी संस्थेनं पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी केली होती. माल शेतातून ग्राहकापर्यंत कसा पोहोचतो आणि मधे काय काय लागतं, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञानं रस्त्यावर उतरून विचारण्याजोगा आहे, हे नव्वद वर्षांपूर्वी आपल्याकडे कोणाला तरी वाटलं होतं. धानाच्या पट्ट्यात तशी पाहणी व्हायला हवी, तालुक्या-तालुक्यात.

आता थोडं बाहेर काय झालं ते सांगतो, लवकर सांगतो. १९५६ मध्ये हार्वर्डच्या लुईस, कलिटन आणि स्टील या तिघांनी विमानानं माल पाठवण्यावर एक अभ्यास केला. विमानाचं भाडं रेल्वेपेक्षा महाग, यात कोणाला शंका नव्हती. त्यांनी दाखवलं ते असं की, माल लवकर पोहोचल्यानं गोदामं आणि साठा कमी लागत असेल, तर महाग भाडं देऊनही एकूण खर्च कमी होऊ शकतो. ‘एकूण खर्च’ ही कल्पना वाहतुकीच्या शास्त्रात तिथून रुजली. एक ओळ कमी करायला गेलं की दुसरी वाढते, म्हणून ओळी सुट्या तपासू नका, बेरीज तपासा. पुढे १९८७ मध्ये जॉन्सन आणि कॅप्लान यांनी एक पुस्तक लिहून कारखान्यांच्या हिशेबपद्धतीवर हल्ला चढवला: हे हिशेब ताळेबंदासाठी तयार होतात, निर्णयासाठी त्यांचा उपयोग उरलेला नाही. त्याच सुमारास कूपर आणि कॅप्लान यांनी कृतीवर आधारित कॉस्टिंग पुढे आणलं. खर्च मालामुळे होत नाही, कामांमुळे होतो. आधी प्रत्येक कामाचा खर्च काढा आणि मग कोणत्या मालानं ते काम किती वेळा करायला लावलं ते पाहा.

हे ऐकायला पुस्तकी वाटतं. सालेकसा-देवरीकडे नेलं की पुस्तकी राहत नाही.

दोन केंद्रं घ्या. आकडे मी सोयीसाठी घेतो आहे. दोन्हीकडे हंगामात दहा हजार क्विंटल खरेदी. पहिलं केंद्र पाटाच्या पाण्याखालचं, दोनशे शेतकरी, प्रत्येकी पन्नास क्विंटल. दुसरं जंगलपट्टीतलं, एक हजार शेतकरी, प्रत्येकी दहा क्विंटल. नोंदणी, सातबारा तपासणी, ओलावा पाहणं, पावती, चुकाऱ्याची नोंद ही कामं शेतकऱ्यामागे होतात. क्विंटल दहा असोत की पन्नास, काम तेवढंच. त्याचे शेतकऱ्यामागे दीडशे रुपये धरू. हमाली, शिलाई, थप्पी क्विंटलमागे पंधरा रुपये. पहिल्या केंद्राचा खर्च तीस हजार आणि दीड लाख, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. क्विंटलला अठरा रुपये. दुसऱ्याचा दीड लाख आणि दीड लाख, म्हणजे तीन लाख. क्विंटलला तीस रुपये. दोन्हीकडे प्रत्येक काम अगदी सारख्याच खर्चात झालं. तरी प्रति क्विंटलच्या तक्त्यात दुसरं केंद्र ‘खर्चिक’ ठरतं. खरेदीच्या कामाबद्दल संस्थेला मिळणारं कमिशन दोघांना सरासरीनं, चोवीस रुपये दिलं, तर पहिलं केंद्र क्विंटलमागे सहा रुपये कमावतं आणि दुसरं सहा रुपये गमावतं. मग पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्रावर माणूस कमी, काटा एकच, आणि रांग लांब. लहान शेतकऱ्याच्या केंद्रावर काम नीट होत नाही, असा शेरा मारून आपण मोकळे. शेरा मारणाऱ्यानं कोणावर अन्याय करायचं ठरवलं नव्हतं. त्यानं फक्त भागाकाराचा छेद निवडला होता.

सरासरीच्या पोटात असं राजकारण असतं, मग ते कोणाच्या मनात असो वा नसो. देशात १९५२ पासून चार दशकं पोलाद आणि कोळशाचं भाडं सगळीकडे समान करण्याचं धोरण होतं. खाणीजवळच्या पूर्वेकडच्या प्रदेशांचा जवळ असण्याचा फायदा त्यात गेला. देशातल्या परिव्यय लेखापालांच्या संस्थेचं एक मानक आहे, क्रमांक पाच, त्याचं नावच ‘सरासरी (समीकृत) वाहतूक खर्च’. कर आणि अनुदानाच्या हिशेबासाठी ते उपयोगी आहे. त्या कामासाठी सरासरी हवीच. पण म्हणून सरासरीवरून कोणाला शाबासकी देऊ नये किंवा कोणाची कानउघाडणी करू नये.

मग कृतीवर आधारित कॉस्टिंग सगळ्या केंद्रांवर लावायचं का? माझं उत्तर: नाही. संस्थेतला एकटा लिपिक नोंदणी करतो, भांडणं सोडवतो, रात्री थप्पीवर ताडपत्री आहे की नाही बघून येतो. त्याला अठ्ठावीस कामांचा तक्ता भरायला दिला, तर तो मार्चअखेर एका बैठकीत सगळा तक्ता अंदाजानं भरून देईल आणि आपण त्यावर संगणकातून सुंदर आलेख काढू. परदेशातल्या कंपन्यांतही हेच झालं. पद्धत बरोबर होती, पण माहिती गोळा करणं डोईजड झालं. म्हणून कॅप्लान यांनी अँडरसन यांच्याबरोबर २००४ मध्ये तिची सोपी आवृत्ती मांडली. तिला दोनच गोष्टी लागतात: यंत्रणा एक मिनिट चालवायला किती रुपये पडतात, आणि एका कामाला किती मिनिटं लागतात. लिपिकानं रोज भरायचं काही नाही. एखाद्यानं चार दिवस घड्याळ घेऊन काट्याशेजारी बसायचं. ही आवृत्ती आपल्या केंद्रांना झेपेल.

मिनिटांपेक्षाही आपल्याकडे दिवस महत्त्वाचे आहेत, आणि इथं मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

समजा, केंद्राजवळच्या गिरणीची वाहतूक क्विंटलमागे वीस रुपये आहे आणि लांबच्या गिरणीची पस्तीस. प्रति क्विंटलच्या तक्त्यावर जवळची गिरणी पंधरा रुपयांनी स्वस्त, निर्णय सोपा. पण जवळच्या गिरणीवर आधीच गर्दी आहे आणि तिथं आपलं धान पंच्याहत्तर दिवस उशिरा उचललं जाणार आहे. एक क्विंटल धानात २,३६९ रुपये अडकलेत. वर्षाला नऊ टक्के व्याज धरलं तर दिवसाला अठ्ठावन्न पैसे. पंधरा रुपयांचा फायदा सव्वीस दिवसांतच संपतो आणि पंच्याहत्तर दिवसांत व्याजाचे चव्वेचाळीस रुपये होतात. त्यात ताडपत्री नाही, राखणदार नाही, उंदीर नाही, अवकाळी नाही. हे चव्वेचाळीस रुपये वाहतुकीच्या ओळीत येत नाहीत म्हणून वाहतूक पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत. गिरणीच्या खर्चात ते नाहीत. खरेदी करणाऱ्या यंत्रणेच्या कर्जखात्यावर ते चढतात आणि तिथं सगळ्या जिल्ह्यांचं व्याज एकाच आकड्यात मिसळून जातं. कोणत्याही एका माणसाच्या कामाच्या मोजमापात ते येत नाहीत, म्हणून ते कमी करण्याची घाईही कोणाला नसते. गोदाम बांधायचा प्रस्ताव आला की बांधकामाचा खर्च समोर दिसतो. न बांधल्याचा खर्च चार वेगवेगळ्या ओळींत पांगलेला असतो. ‘एकूण खर्च’ मांडल्याशिवाय गोदामाची बाजू कधी जिंकणार नाही.

आणि काही खर्च तर कोणत्याच सरकारी ओळीत नाही. काट्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहते, तिचं भाडं शेतकरी देतो. बारदाना संपला म्हणून धान परत घरी नेलं, तर तीही वाहतूकच की. चुकारे लांबले आणि त्यानं हातउसने घेतले, त्याचं व्याज तोच भरतो. खरिपाची खरेदी आणि गावोगावच्या मंडईच्या जत्रांचे दिवस एकाच वेळी येतात. झाडीपट्टीत नाटकाचा खेळ ठरवायचा असला तरी चुकारे कधी पडतील याची चौकशी होते. नाट्यमंडळाचा व्यवस्थापक हे जाणतो, आपल्या खर्चपत्रकाला त्याचा पत्ता नाही. हिशेबाची हद्द कुठून कुठपर्यंत, हे ठरवणं हीच पद्धतीची पहिली निवड. हद्द काट्यापासून सुरू केली तर रांग फुकट आहे. हद्द शेतकऱ्याच्या खळ्यापासून सुरू केली तर रांग हा या साखळीतला एक मोठा खर्च ठरेल.

हद्दीनं आणि पद्धतीनं आकडा किती बदलतो याचं देशपातळीवरचं उदाहरण ताजं आहे. भारतात मालाच्या वाहतूक-साठवणीवर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तेरा-चौदा टक्के खर्च होतो, असं वर्षानुवर्षं भाषणांत आणि अहवालांत येत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं तेव्हाही हाच आकडा चर्चेत होता. मग राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेनं, म्हणजे एनसीएईआरनं, शास्त्रशुद्ध पद्धत बसवून २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के असा अंदाज दिला. नंतर २०२३-२४ साठी आकडा आला ७.९७ टक्के. मधल्या काळात रस्ते आणि रेल्वे सुधारली असेल, पण खर्च काही एका फटक्यात इतका खाली येत नसतो. बदलली ती मोजणी. याचा अर्थ जुना आकडा कोणी मुद्दाम फुगवला असा नाही आणि नवा आकडा ऐकून निवांत व्हावं असाही नाही. दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची वजाबाकी करून तिला ‘प्रगती’ म्हणू नये, एवढं भान पुरे. उद्या आपल्या जिल्ह्यात कोणी पद्धत बदलली आणि खर्च घटल्याचं जाहीर केलं, तर जुने आकडे नव्या पद्धतीनं पुन्हा मांडून दाखवा, असं म्हणायला आपण कचरू नये.

तर मग निवड कशी करायची? प्रश्न कोण विचारतो आणि त्यावर कोणता निर्णय घेणार आहे, हे आधी पाहायचं. वाहतूकदाराचं बिल द्यायचं असेल तर ठरलेला प्रति क्विंटल दर ठीक आहे; तिथं जास्त शास्त्र करू नका. संस्थेचं कमिशन ठरवायचं असेल तर शेतकऱ्यामागचं काम आणि क्विंटलमागचं काम वेगळं काढा आणि दोन भागांत कमिशन द्या. त्याशिवाय जंगलपट्टीतली केंद्रं टिकणार नाहीत. भरडाईचा दर ठरवायचा तर कोंडा-कणीचा भाव कोणत्या तारखेचा हे दोन्ही बाजूंनी आधी लिहून घ्या. गोदाम, शेड, गिरणीची जागा यांसारख्या मोठ्या निर्णयांना एकूण खर्चाशिवाय हात लावू नका. आणि एखाद्या केंद्राचं, गिरणीचं किंवा आख्ख्या जिल्ह्याचं काम कसं झालं हे पाहायचं असेल, तर रुपयांच्या आधी दिवस मोजा. दिवसांचं रूपांतर रुपयांत करणं सोपं आहे, दिवसाला अठ्ठावन्न पैसे आपण आत्ताच काढले. रुपयांतून दिवस मात्र परत काढता येत नाहीत.

दिवस मोजायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक खेपेच्या चार तारखा पुरतात: काट्याची, डीओवर उचल झाल्याची, तांदूळ गोदामानं पसंत केल्याची आणि शेतकऱ्याच्या खात्यात चुकारा पडल्याची. या चारही तारखा आजही कोणत्या ना कोणत्या कागदावर आहेत. त्या एका पानावर एकत्र येत नाहीत, एवढीच अडचण.

समोर बसलेल्यांत बरेच जण सेवा सहकारी संस्थांचे सभासद आहेत, काही संचालकही आहेत. संस्थेची वार्षिक सभा होईल तेव्हा अहवालात नफा-तोट्याच्या पानाशेजारी या चार तारखांचं एक पान छापायची मागणी करा आणि ती ठरावात नोंदवून घ्या. एका तालुक्यातल्या सगळ्या संस्थांनी पुढच्या खरिपात हे केलं, तर फेडरेशन आणि महामंडळाशी दरावर बोलायला बसताना आपल्या हातात निवेदनाऐवजी हिशेब असेल.